धोंडीबाईसाठी न्हाणी

नामाच्या हातात थापी? ज्यानं ज्यानं ऐकलं तो हसला. आणि हसणाऱ्यांचं तरी काय चुकलं म्हणा! किन्हवलीच्या अलीकडं एक फाटा फुटतो, त्या फाट्यानं आत गेलं की नामाचं गाव. त्या गावात सत्तरीला टेकलेल्या या माणसाची ओळख एकच. भाताचं खाचर सपाट करावं तर नामानं. चिखळणी झाली की आवण, म्हणजे भाताची रोपं, लावायच्या आधी बैलांमागं फळी दाबत तो असा फिरायचा की नंतर पाणी सोडलं तर या बांधापासून त्या बांधापर्यंत सारखं चार बोटं उभं राही. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. दुसऱ्यांच्या शेतावरही त्याला मानानं बोलावत. तो बांधावर उकिडवा बसायचा, गाल पाण्याला लागेल इतका वाकून बघायचा आणि म्हणायचा, "त्या कोपऱ्यात टोपलीभर माती जास्ती हाय, काढा." आता अशा माणसाला सिमेंट, टाइल, नळ यातलं काय कळणार? घराच्या भिंतीला खिळा ठोकायचा झाला तर तोही बायको ठोकायची.

बायको म्हणजे धोंडीबाई. तोंडाची फटकळ, हाताची चपळ, आणि एका बाबतीत भलती हट्टी. ती म्हणजे तिची आंघोळ. घराच्या मागं कारवीचा कूड घालून आडोसा केलेला होता आणि त्यात एक काळा दगड. कोंबडा आरवायच्या आत बाई उठणार, मागच्या दारच्या चुलवणावर पाणी तापवणार, त्या दगडावर बसून आंघोळ उरकणार, नेसून-सवरून तुळशीला पाणी घालणार आणि मगच घरातल्या चुलीशी बसणार. अंगात ताप असला तरी आंघोळीवाचून तिनं कधी भाकर थापली नाही. एवढा संसार झाला, पोरगा झाला, पोराचं लग्न झालं, पण नामानं बायकोला कधी ओल्या लुगड्यात पाहिली नव्हती. चुकून तो मागच्या दारी गेलाच तर आडोशातून आवाज यायचा, "कोन हाय तिकडं? लाज हाय का नाय?" की नामा आल्या पावली परत.

पोरगा सूरज वाशिंदला कारखान्यात लागला आणि बायको सोनालीला घेऊन तिथंच ब्लॉकमध्ये राहू लागला. गावी घरकुल मंजूर झालं तेव्हा त्यानं मोठ्या हौसेनं आत बाथरूम काढलं. पांढऱ्याशुभ्र चकचकीत टाइल्स, वर शॉवर, दाराला वीतभर उंच उंबरा. धोंडीबाईनं एकदा आत डोकावून बघितलं, "तोंड दिसतंय रे ह्यात!" म्हणाली, आणि पावसाळ्यासाठी तिथं सुकी लाकडं रचून ठेवली. पोरगा कपाळाला हात लावून बसला. आंघोळ आपली दगडावरच.

गेल्या शिमग्याच्या सुमाराला तिच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय लुळा पडला. शहापूरच्या दवाखान्यात नेली, तिथून सूरजनं तिला वाशिंदला आपल्याकडं ठेवून घेतली. उजवा हात तेवढा शाबूत राहिला. डॉक्टर तिला म्हणाले, "आजी, हा हात जपा. जेवण, आंघोळ, जमेल तेवढं याच हातानं करा. वापरला तर टिकेल." आणि सूरजला बाजूला घेऊन म्हणाले की हे दुखणं परत उलटू शकतं, लक्ष ठेवा.

नामा एसटीनं तिला बघायला गेला. सून पाणी आणायला आत गेली तशी धोंडीबाईनं त्याचा सदरा धरला.

"मला घरी न्या."

"नेईन गो. पन आंघोळ कशी करशील? दगडावर बसता यायचं नाय. बाथरूमचा उंबरा चढता यायचा नाय. लाद्या तर अशा, मीच घसरतो."

"मंग काढा त्या लाद्या." तिची जीभ थोडी जड झाली होती, पण धार गेली नव्हती. "मला बसाया, धराया काय तरी करा. माज्या हातानं दोन तांबे अंगावर घेता आलं पायजेत, बास. मंग मी चुलीशी बसंन. सोनाली पोर गुणाची हाय हो. पन ती रोज सकाली माजं लुगडं सोडती नि मी भिताडाकडं बघत ऱ्हाते. असं जगून काय करू?"

आणि धोंडीबाई रडली. सासू मेली तेव्हा न रडलेली बाई! नामानं तिची सदऱ्यावरची मूठ आपल्या हातात घेतली. "करतो," तो म्हणाला. "तुझ्या हाताची आंघोळ तू तुझ्या घरात करशील, माजा शबुद हाय."

शब्द देणं सोपं असतं. गवंडी मिळणं अवघड. चांगले गवंडी सगळे वाशिंद-टिटवाळ्याकडं, मोठमोठ्या बिल्डिंगांवर. गावात उरला हनुमान. तो रोज म्हणायचा, "उद्या येतो काका." त्याचा उद्या काही उगवेना. शेवटी नामा त्याच्या दारात जाऊन बसला, तेव्हा हनुमान तंबाखू मळत म्हणाला, "काका, एका म्हातारीसाठी एवढी तोडफोड कशाला? बाजेवरच ओल्या फडक्यानं पुसून काढत जा की."

नामा उठला. या माणसानं आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता, बैलावरसुद्धा नाही. पण त्या दिवशी त्याचे कान तापले. "भांडं हाय का ती, पुसून ठेवाया?" एवढंच बोलला आणि निघाला. वाटेत शेजारची गोदू भेटली. धोंडीबाईची जिवाभावाची मैत्रीण ही. तिला म्हणाला, "गोदू, मीच करनार." गोदू म्हणाली, "काय करनार भावजी?" "न्हाणी." गोदूनं तोंडाला पदर लावला. हसली, दुसरं काय करणार!

सूरजनं फोनवर समजूत घातली. "बाबा, तू नाद करू नको. दिवाळीला सुट्टी काढतो, माणूस आणतो."

"दिवालीपर्यंत तुझी आये भिताडाकडं बघत बसनार काय?"

यावर पोरानं मोबाइलवर टाइल बसवायचा एक व्हिडिओ धाडून दिला. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीचे व्हिडिओ धाडतात. पण सूरजला तरी बोल कसा लावायचा, त्याचीही आई होती ती.

नामा मुरबाडला गेला टाइल्स आणायला. दुकानदारानं एकाहून एक चकचकीत टाइल पुढं मांडली, कुणावर गुलाब, कुणावर मासे. नामा प्रत्येकीवर तळहात फिरवायचा आणि मान हलवायचा. शेवटी कोपऱ्यातल्या करड्या, खरखरीत टाइलवर हात ठेवून म्हणाला, "ही."

"ही पार्किंगची आहे काका. गाडी कुठली आहे?"

"गाडी नाय. बायको हाय."

दुकानातली पोरं हसून हसून वाकली. नामाही हसला. त्याला ती टाइल पसंत पडली होती, ओला पाय ठेवला तरी धरून ठेवील अशी.

आणि मग सुरू झालं ते काम. पहिल्या दिवशी त्यानं लाकडं बाहेर काढली आणि छिन्नी-हातोडा घेऊन उंबऱ्यावर बसला. उंबरा कसला, पहाडच तो! हातोडा दोनदा बोटावर बसला, नख काळंनिळं झालं. जुन्या टाइल्स फुटताना त्यांची कपची उडून भुवईवर लागली. धुळीनं माणूस पांढरा झाला. गोदू चहा घेऊन आली ती दारातच किंचाळली. माल कालवला तर पहिल्या दिवशी पातळ ताक, दुसऱ्या दिवशी दगड. भिंतीला लावलेली पहिली टाइल त्यानं हात काढताच खाली आली, दुसरी आली, तिसरी तर रात्रभर राहिली आणि सकाळी तो तोंड धूत असताना आली. पण नामा शिकत गेला. व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, परत लावायचा. टाइल आधी पाण्यात भिजत घालायची. माल मागून सगळीकडं सारखा लावायचा. बसवल्यावर बोटानं टकटक करून बघायचं, पोकळ वाजली तर काढून परत. दोन टाइल्समधली फट सारखी यावी म्हणून त्यानं आगपेटीच्या काड्या लावल्या. भिंती झाल्या. थोड्या वाकड्या, पण झाल्या.

बसायला त्यानं भिंतीला धरून एक कट्टा बांधला. कितपत उंच करायचा हे सांगायला कुणी नव्हतं. त्यानं तिची बाज मोजली, तिच्या मिशेरी लावत बसायच्या ओट्याची पायरी मोजली, आणि त्यामधली उंची धरली. उजव्या हाताला येईल अशी लोखंडी दांडी ठोकली. शॉवर वरचा काढून हातात धरायचा आणला, आणि त्याची अडकवणी कट्ट्यावर बसून पोचेल इतकी खाली लावली. संध्याकाळी वाशिंदहून फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही, थेट धोंडीबाईचा सवाल, "कुठवर आली?"

"भिताड झालं."

"साबन ठेवाया जागा केली?"

नामा जीभ चावायचा. दुसऱ्या दिवशी कोनाडा.

राहिली जमीन. आता इथं जे झालं ते नामाच्याच हातून व्हायचं होतं, दुसऱ्या कुणाच्या नाही. व्हिडिओत जमिनीचा भाग लागला तसा त्यानं मोबाइल बंद करून खिशात घातला. जमीन सपाट कशी करायची हे नामाला शिकवणारा अजून जन्माला यायचा होता! आख्ख्या कामात ही एकच गोष्ट होती जी त्याला येत होती. त्यानं माल पसरला, फळी फिरवली, गुडघे टेकले, गाल जमिनीला लावून पाहिलं. इथं चिमूट काढ, तिथं चिमूट घाल. टाइल टाइलला अशी लावली की वरून सूत फिरवलं तर कुठं अडकायचं नाही. भिंतीच्या वाकडेपणाची भरपाई झाली असं त्याला वाटलं. त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा तो म्हणाला, "झाली गो. ये घरी."

रविवारी रिक्षा दारात लागली. सूरज-सोनालीनं धरून धोंडीबाईला उतरवली. गोदू आली, आळीतल्या बाया जमल्या. धोंडीबाईला बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून बसवली. तिनं काठीनं टाइल चाचपली, कट्टा पाहिला, दांडी पाहिली, कोनाडा पाहिला. वाऱ्यानं तिरका झालेला तिचा ओठ थरथरत होता. नामाला तेवढी पावती पुरे होती. त्याला वाटलं आता सगळ्यांना दाखवावं. त्यानं बादली उचलली आणि ऐटीत आत ओतली.

पाणी उभं राहिलं.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सारखं, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. जाळी तिथं कोपऱ्यात होती, पण पाण्याला तिकडं जायचं कारणच नव्हतं. थोडा वेळ ते तसंच राहिलं आणि मग, उंबरा तर काढलेला, हळूहळू घरात यायला लागलं. धोंडीबाईच्या खुर्चीचे पाय भिजले. सोनालीनं पायपुसणं टाकलं. जन्मभर या माणसानं एकच विद्या केली, पाणी पळू द्यायचं नाही, पाणी पळालं की भात मेलं. आणि त्याच विद्येनं त्यानं न्हाणी केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पहिली हसली ती धोंडीबाई. अर्ध्या तोंडानं, पण पोटातून. "अवो," ती म्हणाली, "ह्यात आंघोळ करू का आवण लावू?"

मग सगळेच हसले. नामा मात्र बादली हातात धरून तसाच उभा. त्याला कळलं होतं की हे सगळं परत फोडायचं.

धोंडीबाई त्याच रिक्षानं परत गेली. निघताना तिनं त्याला जवळ बोलावलं. पावसाचे दिवस तोंडावर आले होते, रोपांसाठी राब भाजून पडले होते, पेरणी व्हायची होती. शेतकऱ्याची बायको ती, तिला आभाळ कळायचं. "आता फोडाफोडी काढू नका," ती म्हणाली. "पयलं भात. आवण झाली की करा. मी काय कुठं पलून जाते?"

नामाला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. आषाढभर तो चिखलात होता, आणि रोज संध्याकाळी फोनवर सांगायचा, एवढं खाचर झालं, तेवढं झालं. ती विचारायची, "न्हाणी?" तो म्हणायचा, "आता तीच." तिकडं सोनाली रोज सकाळी कंपनीत जायच्या आधी तिला आंघोळ घालायची, पण आता सासू लुगडं सोडू द्यायची नाही, ओल्या लुगड्यानं कुडकुडायची, सोनालीला उशीर व्हायचा, दोघीही रडायच्या. हे सोनालीनं सासऱ्याला फार नंतर सांगितलं.

आवण संपली तशी नामानं छिन्नी उचलली. स्वतः बसवलेली, टकटक करून तपासलेली टाइल त्यानं एकेक करून फोडली. आणि या खेपेला तो मान खाली घालून हनुमानच्या दारात गेला. हनुमानही ओशाळलाच होता, गावात त्याची छी-थू झाली होती. म्हणाला, "काका, दारापासनं जाळीपर्यंत सूत बांधा. दाराशी वर, जाळीशी खाली, हातामागं बोटभर ढाळ. पानी आपोआप जाईल." मग आपली थापी उचलत म्हणाला, "मी येऊ का?"

"नको," नामा म्हणाला. "ती मला बोलली हाय करायला."

ढाळ करायला त्याचा हात वळत नव्हता. फळी फिरवली की जमीन आपली सपाट व्हायची, सवयच ती. तो स्वतःला शिव्या घालायचा, मोडायचा, परत करायचा. तांब्याभर पाणी सोडून बघायचा, कुठं थांबतं, कुठं वळतं. हळूहळू पाणी त्याचं ऐकायला लागलं. शेवटच्या ओळी उरल्या होत्या. त्या दुपारी त्याचे दोन्ही हात मालात होते तेव्हा फोन वाजला. संध्याकाळ व्हायच्या आधी वाशिंदहून फोन यायचा नाही. त्यानं कोपरानं तो कसाबसा चालू केला.

सूरज होता. "बाबा, आयेला परत झालं. या बाजूला."

"कुठल्या बाजूला?"

नामा ओरडला, "कुठल्या बाजूला रे?"

"उजव्या."

घमेल्यातला माल तसाच राहिला आणि घट्ट झाला. धोंडीबाई दवाखान्यातून जगून बाहेर आली, पण तिचा उजवा हात मांडीवर पडून राहायचा आणि जिभेवर एखाददुसराच शब्द उमटायचा. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, सेवा करा. मधल्या दिवसांत नामा एकदा गावी येऊन शेवटच्या ओळी बसवून गेला. का बसवल्या ते त्याचं त्यालाच माहीत. बैल गेला अन् झोपा केला, असं आळीतली एक बाई म्हणालीच. गोदू त्या बाईशी पुढं कितीतरी दिवस बोलली नाही.

धोंडीबाई घरी आली. पहिल्या सकाळी नामानं मागच्या दारी चुलवण पेटवलं, पाणी तापवलं. सोनाली सुट्टी काढून आली होती. दोघांनी धरून तिला कट्ट्यावर बसवली. पाय जमिनीला नीट टेकले, पाठ भिंतीला लागली. उंची बरोबर आली होती, अगदी बरोबर. नामा बाहेर आला आणि दाराला पाठ करून उभा राहिला. त्याला अजून आशा होती. माणसाची आशा फार चिवट. त्यानं सोनालीला सांगितलं होतं, शॉवर तिच्या उजव्या हातात दे, तिला घेऊ दे, घाई करू नको.

सोनालीनं दिला. बोटं वळलीच नाहीत. तिनं आपल्या हातानं सासूची बोटं त्यावर दाबली आणि सोडली, तसा शॉवर निसटला, खाली पडला आणि चहूकडं पाणी उडवत गरगर फिरायला लागला. सोनालीनं नळ बंद केला. आतून आवाज आला तो रडण्याचा नव्हता, ओरडण्याचाही नव्हता. असला आवाज नामानं आयुष्यात ऐकला नव्हता.

"आई, मी घालते ना," सोनाली म्हणत होती. "मीच घालते की रोज." थोड्या वेळानं ती दार उघडून बाहेर आली. डोळे पुसत म्हणाली, "बाबा, हात लावू देत नाहीत. दाराकडं मान करतात. जा म्हणतात मला."

नामा दाराकडं वळला. त्या गावात कुठल्या गड्यानं बायकोला आंघोळ घातल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. लोक काय म्हणतील, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही, आलं. पण या बाईनं एक गोष्ट मागितली होती, आणि ती त्यानं वेळेवर दिली नाही. भात उभं होतं रानात, हिरवंगार, आणि ही अशी. त्यानं सदरा काढला, चिखलात उतरताना खोचतो तसं धोतर वर खोचलं, आत गेला आणि दार लावून घेतलं.

धोंडीबाईनं त्याच्याकडं बघितलं. जीभ चालत असती तर तिनं त्याला सोलून काढला असता.

"मीच हाय गो," तो म्हणाला. "दुसरं कोन नाय."

ती मान हलवत राहिली, नाही, नाही. मग सगळा जीव एकवटून तिनं एक शब्द काढला. "डोले."

नामाला कळलं. "मिटतो," तो म्हणाला आणि त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

मिटल्या डोळ्यांनी त्यानं तिचं लुगडं सोडलं. मिटल्या डोळ्यांनी तांब्या बुडवला. त्याला चाचपडावं लागलं नाही. इथली प्रत्येक टाइल त्याच्या हातानं बसली होती, जमिनीची तर दोनदा. नळ कुठं, कोनाडा कुठं, जाळी कुठं, सगळं ठाऊक. ठाऊक नव्हतं ते तिचं अंग. खांदा एवढासा झालेला, पाठीचे मणके मोजता यावेत असे. डोक्यावरून पहिला तांब्या ओतला तेव्हा ती शहारली, दुसऱ्याला जरा सैल झाली. साबण लावताना त्याच्या राठ हाताला तिच्या पाठीवर एक जुना वळ लागला, भाताचे भारे वाहून पडलेला असावा. एवढ्या वर्षांत हे आपल्याला माहीतच नाही, असं त्याच्या मनात आलं आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाणी अंगावर इतकं होतं की ते वेगळं कळलं नाही. अंग पुसून, कोरडं लुगडं कसंबसं गुंडाळून होईपर्यंत त्यानं डोळे उघडले नाहीत. मग तिला उचलून आणली आणि चुलीजवळ टेकवून बसवली. तिच्या समोर बसून त्यानं जन्मातली पहिली भाकर थापली. त्या भाकरीकडं बघून धोंडीबाईचा ओठ आणखी तिरका झाला. हसली ती, नामानं ओळखलं.

मग रोज तेच. कोंबडा आरवायच्या आत पाणी तापायचं, दार लागायचं. सोनालीची सुट्टी संपली, ती गेली. लोक आधी कुजबुजले, मग गप्प बसले. एकदा साबण निसटला म्हणून नामानं डोळे किंचित किलकिले केले, तर तिनं मान फिरवून घेतली आणि दिवसभर त्याच्या हातचं जेवली नाही. परत त्यानं तसं केलं नाही.

भात कापून झोडणी चालू होती तेव्हा धोंडीबाई गेली. आंघोळ झाली होती, चुलीशी बसली होती, तिथंच मान कलली. नामाला वाटलं पेंगली.

सूरज-सोनाली आले. भाऊबंद जमले. अंगणात पाट मांडला, पाणी तापत ठेवलं. गावची रीत अशी की शेवटची आंघोळ अंगणात. बाया चहूबाजूंनी लुगडी धरतात, तेवढाच आडोसा. कुणीतरी म्हणालं, "चला, उचला." नामा ओटीवर बसला होता तो उठून दारात आडवा उभा राहिला.

"अंगनात नाय."

"अरे नामा, रीत हाय," भावकीतला म्हातारा म्हणाला. "घरात घालत नायत."

"रीत ऱ्हाऊ दे. अंगनात घालायची नाय. तिची न्हाणी हाय आत, तिथं घाला."

म्हातारा बोलणार होता, सूरजनं त्याचा हात धरला. मग कुणी वाद घातला नाही. बायांनी धोंडीबाईला आत नेली, कट्ट्याशी टेकवली. गोदू पुढं होती, सोनालीनं डोकं धरलं होतं, आणखी दोघी-तिघी होत्या. तापलेल्या पाण्याची बादली आत गेली. नामा बाहेर दाराशी येऊन थांबला. आत जायचा त्याला आज मान नव्हता, बायांचं काम होतं ते. चौकटीला हात टेकून, जमिनीकडं बघत तो म्हणाला, "डोले मिटा गो बायांनो. तिला चालत नाय."

आतून गोदूचा आवाज आला, "मिटलं भावजी. समद्यांनी मिटलं. तुमी दार लोटा."

नामानं दार लोटलं.